निव्वळ वजन

एक बंडी काट्यावरून उतरते, दुसरी चढते.
मधे मिळतात ती चार मिनिटं माझी.
पावती उलटी करायची,
काट्याच्या लोखंडी पट्टीनं पाच रेघा ओढायच्या,
तेवढ्यात बैल स्थिर उभे राहिले तर दोन मात्रा जास्त.

पुढच्या बाजूला छापील रकाने :
भरलेलं, रिकामं, निव्वळ.
मागे सहा गिटारी.
मुनीमजी म्हणतात, बाई हिशेब फार बारीक करते.
करते.
तिसऱ्या गिटारीला अकरा मात्रा गप्प बसवायचं
म्हणजे पाच तरी पावत्या खोडाव्या लागतात.

रविवारी जिनिंग बंद.
सरकीच्या गोदामात आम्ही खुर्च्या मांडतो.
इनोश चर्चमधून थेट येतो,
त्याच्या बोटांत सकाळचे तीन कॉर्ड अजून गरम असतात.
डिंपल मडावी डावखुरी, तिच्या तारा उलट्या,
म्हणून तिच्यासाठी मी वेगळंच लिहिते : वरून खाली येणारं.
शाइस्ताची गिटार कुरिअरनं आली तेव्हाच मानेत थोडी वाकडी होती.
कोहचाडे भाऊ लग्नाच्या ऑर्केस्ट्रातले,
त्यांना कुठलीही गोष्ट जोरातच संपवायची असते.
त्यांना सांगून सांगून दमले :
हाणू नका रे. बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवा,
झोपलेल्या लेकराच्या कपाळाला टेकवता तसं,
आणि आवाज आला की लगेच उचला.
धाकटा म्हणतो, मॅडम, मंग लोकाइले आयकू कसं येईन?

गोदामामागे डीपी आहे.
दिवसरात्र हुंऽऽ करत उभी.
पहिल्या महिन्यात आम्ही तिच्यावर वैतागलो,
दुसऱ्या महिन्यात मी पाचवी तार सैल करत करत आणली,
जी लागायच्या किंचित अलीकडे थांबवली,
आणि तार आणि डीपी एकमेकींत अशा मिसळल्या
की कोण वाजतंय ते कळेना.
सहाही गिटारी मग तशाच लावल्या.
ट्यूनर लाल दिवा दाखवतो. दाखवू दे.

या हंगामात प्रत्येक गिटारीच्या पोटात
बोटभर कापूस साचलाय.
डिंपल झटकून काढणार होती, मी म्हटलं, राहू दे,
तो जुन्या माणसासारखं बोलायला लावतो लाकडाला.

परवा तिसरा भाग पहिल्यांदा सलग वाजवत होतो.
सगळे त्या एका सुरावर, हळू,
शाइस्ता वर कुठेतरी एकेक थेंब ठेवत.
आणि लाइट गेली.

डीपी थांबली.
तेव्हा कळलं, आमच्या वजनातलं किती तिचं होतं.
सूर एकदम उघडा पडला, गुडघे दिसावेत तसा.
इनोशची तार उतरत चालली होती, त्याला ऐकू येत होतं,
तो थांबला नाही.
थोरल्या कोहचाडेनंसुद्धा, देवाशपथ, हाणलं नाही.

अंधारात दारातून कोणीतरी म्हणालं,
काहाचं गानं हाय हे?
लाइनमन ठमके. कमरेला पट्टा, हातात लांब काठी.
म्हटलं, गाणं नाही.
मंग?
उत्तर सुचेना. पुन्हा वाजवलं.
तो उंबऱ्यावर बसला, बिडी पेटवायची राहून गेली,
आणि बऱ्याच वेळानं म्हणाला,
ही तं आपली डीपी हाय ना वो.

हे असं कोणी पहिल्यांदाच म्हणालं.
मला बोलता आलं नाही, मी पेन्सिल शोधायला लागले.
मोबाइलच्या उजेडात पावतीमागे लिहिलं :
इथे वीज जाते. वाजवत राहा.

डिंपल वाकून वाचत होती.
अन् कार्यक्रमाच्या दिवशी गेलीच नाही तं?
कोणाकडेच उत्तर नव्हतं.
ठमके उठला, पँट झटकली,
काठी खांद्यावर टाकली.

तारीख तेवढी सांगून ठेवजा, म्हणाला.